एन्नोर २०१७: किनाऱ्याला लागलेल्या तेलाचा वाली कोण?

२८ जानेवारी २०१७, शनिवार. पहाटे चारच्या सुमारास चेन्नईच्या उत्तरेला, एन्नोरच्या कामराजर बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर झाली. ‘बीडब्ल्यू मेपल’ एलपीजी उतरवून बाहेर निघालं होतं, ‘डॉन कांचीपुरम’ पेट्रोलियम पदार्थ भरून आत येत होतं. माणूस कोणी दगावला नाही. बत्तीस हजार टनांहून जास्त माल ज्या टाक्यांत होता त्याही शाबूत राहिल्या, हे नशीबच. गळालं ते ‘डॉन कांचीपुरम’च्या स्वतःच्या इंजिनासाठी भरलेलं जड इंधन तेल.

बंदराच्या पहिल्या निवेदनात तेलगळती झालेली नाही असं म्हटलं होतं. दोनेक दिवसांत एर्नावूरच्या किनाऱ्यावर काळ्या चिकट तेलाचा जाड थर साचला. पुढे तो तवंग दक्षिणेकडे सरकत मरीना, तिरुवान्मियूर, पालवाक्कम, नीलांकरईपर्यंत गेला. समुद्री कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येण्याचा तो हंगाम.

या घटनेतली जी छायाचित्रं देशभर पोहोचली त्यांत ना तटरक्षक दलाची जहाजं होती, ना विमानं. नखशिखांत काळी झालेली माणसं आणि त्यांच्या हातातल्या प्लास्टिकच्या बादल्या, एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहिलं. त्या बादल्यांवर तेव्हा बरीच टीका झाली. माझ्या मते टीकेचा नेम थोडा चुकला. खरा प्रश्न होता तो बादली कोणी, कुठे, कोणाच्या सांगण्यावरून धरायची आणि भरल्यावर कुठे ओतायची हा. त्याचं उत्तर समुद्रावर मिळत नाही. ते महापालिका, जिल्हाधिकारी कार्यालय आणि मच्छीमार वस्ती यांच्यामध्ये आधी ठरलेलं असावं लागतं.

कागदावरची विभागणी

भारताकडे तेलगळतीसाठी राष्ट्रीय आपत्कालीन योजना १९९६ पासून आहे. तिची मुख्य समन्वयक यंत्रणा तटरक्षक दल. बंदराच्या हद्दीत बंदर जबाबदार, खुल्या समुद्रात तटरक्षक दल, आणि तेल किनाऱ्याला लागलं की सफाई राज्य सरकारची. गळतीचे तीन स्तर ठरवलेले आहेत: ७०० टनांपर्यंत पहिला, १०,००० टनांपर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा. एन्नोरला नक्की किती तेल गळलं यावर वाद झाला. नंतरच्या अभ्यासांत दोनशे टनांच्या आसपासचे आकडे आले. म्हणजे योजनेच्या मोजपट्टीवर ही सर्वांत खालच्या स्तरातली, स्थानिक पातळीवरच निस्तरता यावी अशी घटना.

मोजपट्टी चुकते ती इथेच. टनांवरून समुद्रातलं काम किती ते कळतं, किनाऱ्यावरचं कळत नाही. तेच दोनशे टन खोल समुद्रात पसरले असते तर दोन दिवसांची बातमी झाली असती. एर्नावूरच्या दगडांत अडकल्यावर त्यांनी हजारो माणसांना कामाला लावलं.

आता ‘राज्य सरकार’ या दोन शब्दांकडे पाहू. योजनेत ते एकसंध वाटतं. वाळूवर उतरल्यावर त्याचे तुकडे दिसतात: जिल्हाधिकारी, महापालिका, मत्स्यव्यवसाय विभाग, प्रदूषण नियंत्रण मंडळ, कासवांसाठी वन विभाग, पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळ, पोलीस. त्यात चेन्नईची एक खास अडचण होती. २०११ मध्ये महापालिकेची हद्द वाढली, पण जिल्ह्याची वाढली नाही. त्यामुळे २०१७ मध्ये एर्नावूर महापालिकेत होतं, पण महसुली नकाशावर तिरुवल्लूर जिल्ह्यात. मरीना चेन्नई जिल्ह्यात. नीलांकरई महापालिकेत, पण जिल्हा कांचीपुरम. एकच तवंग, एकच महापालिका आणि तीन जिल्हाधिकारी. (जिल्ह्याच्या सीमा महापालिकेशी जुळवल्या गेल्या त्या पुढच्या वर्षी, २०१८ च्या जानेवारीत.)

शिवाय महापालिकेत तेव्हा नगरसेवकच नव्हते. सभागृहाची मुदत ऑक्टोबर २०१६ मध्ये संपली होती आणि निवडणुका लांबल्या होत्या. त्या थेट २०२२ मध्ये झाल्या. नगरसेवकावर आपण एरवी कितीही तोंडसुख घेतलं, तरी कुठल्या गल्लीतून ट्रक समुद्राला भिडतो, कुठल्या वस्तीचा शब्द कोण पाळतो, हे त्याला पाठ असतं. टकरीनंतर आठव्या दिवशी, ५ फेब्रुवारीला, राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि चेन्नईचं सगळं लक्ष राजकारणाकडे गेलं. संकट सोयीची वेळ पाहून येत नसतं हे खरं. पण ‘वरून आदेश आला की कामाला लागू’ या पद्धतीवर उभी असलेली तयारी अशाच वेळी उघडी पडते.

पहिले दोन दिवस

टक्कर आणि किनाऱ्यावर दिसणारं तेल यांच्यामध्ये जो वेळ जातो, तोच स्थानिक यंत्रणेच्या हातचा असतो. एन्नोरला तो ‘गळती नाही’ या निवेदनात बराचसा खर्ची पडला.

सुरुवातीचा आकडा कमी निघणं यात नवल काही नाही. ७ नोव्हेंबर २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत ‘कॉस्को बुसान’ हे जहाज धुक्यात पुलाच्या खांबाच्या संरक्षक कठड्याला घासलं, तेव्हा पहिला अंदाज १४० गॅलनचा होता. प्रत्यक्षात ५३,००० गॅलनहून अधिक तेल गळालं होतं. खऱ्या आकाराची बातमी तिथल्या शहरांनाही उशिराच कळली. अंधार, धुकं, तिरकं झालेलं जहाज, आणि मोजणारा माणूस त्याच जहाजाचा किंवा बंदराचा. अशा परिस्थितीत पहिला आकडा कमीच निघणार हे धरून चालावं.

म्हणून महापालिकेने आकड्याची वाट पाहूच नये. स्थानिक योजनेत एवढं एक वाक्य असलं तरी पुष्कळ फरक पडतो: हद्दीपासून इतक्या मैलांच्या आत जहाजांची टक्कर झाली किंवा जहाज रुतलं, की गळती झाली असं समजूनच पहिली कामं सुरू करायची. ती कामं स्वस्त आहेत. गळती नसलीच तर एक दिवसाची मजुरी वाया गेली, एवढंच.

त्यातलं सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे तेल येण्याआधी किनारा झाडून घेणं. ओहोटीच्या वेळी वाळूवरचं प्लास्टिक, शेवाळ, तुटकी जाळी, लाकडं उचलून भरतीच्या रेषेच्या वर नेऊन ठेवली, तर तेवढा कचरा तेलात माखण्यापासून वाचतो. साधा कचरा नेहमीच्या गाडीतून जातो. तेलात माखलेला तोच कचरा घातक कचरा ठरतो आणि त्याची विल्हेवाट कितीतरी पट महाग पडते. सफाई कामगारांच्या एका पाळीत होण्यासारखं हे काम, पण कोणी सांगितल्याशिवाय होत नाही.

दुसरं काम खाडीमुखांचं. एन्नोरची खाडी तिथून जवळच. तेल खाडीत शिरलं की खारफुटीच्या मुळांपर्यंत जातं, आणि तिथून काढायला गेलेली माणसं त्याला चिखलात आणखी खोल तुडवतात. तरंगते अडथळे, म्हणजे बूम, कुठल्या मुखावर किती लांबीचे लागतील, ते दोन्ही काठांना कशाला बांधायचे, भरतीच्या जोराला टिकतील का, हे आधी एकदा दोर टाकून पाहिलेलं असलं पाहिजे. ऐन वेळी गोदामातून आणलेला बूम लांबीला कमी पडतो, नाहीतर बांधायला खुंटच नसतो.

तवंग कुठे जाईल याचं गणित हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था करते, आणि तिने ते एन्नोरच्या वेळीही केलं. वारा आणि प्रवाह यांवरून दिशा काढता येते. पण तो नकाशा प्रभाग अधिकाऱ्याच्या फोनवर येतो का, आणि आला तर ‘उद्या दुपारनंतर आपल्या हद्दीत’ असा त्याचा अर्थ लावणारं कोणी असतं का, हा भाग संस्थेच्या हातात नाही.

दगडांमधलं तेल

एर्नावूरजवळच्या आर. के. नगर कुप्पम या मच्छीमार वस्तीपाशी धूप थांबवण्यासाठी मोठमोठे दगड रचलेले आहेत. लाटांनी तेल त्या दगडांच्या कोनाड्यांत आणून कोंबलं. तिथे ते पाण्याबरोबर घुसळलं गेलं. जड इंधन तेल असं घुसळलं की पाणी पोटात घेऊन फुगतं, मूळच्या तिप्पट-चौपट होतं आणि दाट ताकाऐवजी लोण्याच्या गोळ्यासारखं वागू लागतं. रंग तेवढा काळा-तपकिरी.

पहिला उपाय म्हणून गटारं उपसणाऱ्या ‘सुपर सकर’ गाड्या आणल्या गेल्या. शहराकडे होतं ते हेच यंत्र. सांडपाण्यासाठी बनवलेल्या त्या पंपांनी पाणीमिश्रित तेल काही प्रमाणात ओढलं, पण घट्ट भाग नळीत चढेना. वर त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, शेवाळ, दोऱ्या. तेव्हा माणसं दगडांवर उतरली. एक जण खाली कपारीत उभा राहून बादली बुडवतो, दुसरा दगडावरून ओढून घेतो, तिसऱ्याकडे देतो, आणि साखळीच्या टोकाला रस्त्यालगत ठेवलेल्या पिंपात ती रिती होते. तेलाळलेल्या दगडावर पाय ठरत नाही. बादलीची कडी हातमोज्यातून निसटते. बादली रिकामी केली तरी आतल्या बाजूला बोटभर थर तसाच चिकटून राहतो, त्यामुळे प्रत्येक फेरीला ती थोडी थोडी लहान होत जाते.

हाताने सफाई करणं मागासलेपणाचं लक्षण मानायचं कारण नाही. किनाऱ्यावर, विशेषतः दगडांत आणि चिंचोळ्या जागी, जगभर ती मान्य पद्धत आहे. माणूस तेल तेवढंच उचलतो. बुलडोझर तेलाबरोबर निम्मा किनारा उचलतो आणि कचरा वाढवून ठेवतो. खटकतं ते हे, की हाताने काम करायचं हेच जर ठरणार होतं, तर लांब दांड्याचे झारे, दगडावर टाकायच्या फळ्या, तेल न झिरपणारे हातमोजे, गमबूट आणि झाकणाची पिंपं आधीपासून कुठेतरी ठेवलेली का नव्हती? यातली एकही वस्तू परदेशातून मागवावी लागत नाही. आणि यंत्रच हवं होतं, तर घट्ट पदार्थ ढकलणारे स्क्रू-पंप कोणाकडे आहेत याची यादी बंदर, तेल कंपन्या आणि शहर यांच्यामध्ये फिरलेली असायला हवी होती. बूमची आणि पाण्यावरचं तेल खेचणाऱ्या स्किमर यंत्रांची यादी असते. चिखल-पंपाची नसते, कारण यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर समुद्र असतो.

गाळ ठेवायचा कुठे

या सबंध प्रकरणात सगळ्यात कमी चर्चा झाली ती या विषयाची, आणि स्थानिक योजना नेमकी इथेच फसते.

किनाऱ्यावरून उचललेल्या तेलात पाणी, वाळू, शेवाळ, प्लास्टिक, हातमोजे, झाडू सगळंच असतं. फ्रान्सच्या किनाऱ्यावर डिसेंबर १९९९ मध्ये ‘एरिका’ बुडालं तेव्हा सुमारे २०,००० टन तेल गळलं आणि गोळा झालेला तेलकट कचरा दोन लाख टनांच्या वर गेला. म्हणजे गळतीच्या दहापटीहून जास्त. एन्नोरलाही सुरुवातीला सांगितलं जाणारं गळतीचं प्रमाण आणि रोज उचलला जाणारा गाळ यांचा मेळ बसेना. त्यामागे गळतीचा कमी धरलेला अंदाज होता, तसंच हे फुगणंही होतं.

हा गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतो. महापालिकेच्या नेहमीच्या गाडीत भरून कोडुंगैयूरच्या कचराभूमीवर ओतून देता येत नाही. त्याला खाली अस्तर असलेली जागा लागते, पाऊस आला तर पाणी वाहून जाऊ नये म्हणून बांध लागतो, ट्रकला आत-बाहेर जायला वेगळा रस्ता लागतो, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. एन्नोरचा गाळ शेवटी तेल खाणाऱ्या जिवाणूंच्या मदतीने जिरवण्याचा मार्ग इंडियन ऑइलच्या संशोधन विभागाच्या साहाय्याने काढला गेला. तोडगा चांगला होता. पण तो माणसं पिंपं भरत असताना शोधला गेला.

जागा आधी ठरवायला बसलं की लगेच भांडणं सुरू होतात, आणि म्हणूनच ते टाळलं जातं. कुठलाच प्रभाग ‘आमच्याकडे ठेवा’ म्हणत नाही. बंदर म्हणतं हा शहराचा कचरा, शहर म्हणतं हा जहाजाचा. पण शांततेच्या काळात हे भांडण महिनाभर चाललं तरी चालतं. किनाऱ्यावर उघडी पिंपं उन्हात तापत असताना एक दिवसही चालत नाही.

हात कोणाचे

कामाला मच्छीमार होते, महापालिकेचे सफाई कामगार होते, अग्निशमन दल होतं, आणि विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. जल्लिकट्टू या बैलांच्या खेळावरची बंदी उठवावी म्हणून मरीनावर जमलेली तरुणाई नुकतीच, २३ जानेवारीला, तिथून हटवली गेली होती. शहरात तेव्हा स्वयंसेवेची हवा होती आणि समाजमाध्यमांवरून हाक गेली की मुलं येत होती.

हे बळ मोठं, पण जोखमीचं. जड इंधन तेलात कर्करोगकारक घटक असतात. त्याची वाफ डोकं दुखवते, मळमळ आणते, कातडीला जळजळ होते. हातमोजे-मुखपट्टी नसलेली मुलं छायाचित्रांत सरसकट दिसतात. स्वयंसेवकांना घरी पाठवणं शक्यही नसतं आणि बरंही नसतं. त्यांना तेल येण्याआधीच्या झाडलोटीला, पिंपांच्या नोंदीला, जेवण-पाण्याला लावता येतं, आणि तेलात हात घालायचं काम दोन तासांच्या पाळ्या लावून प्रशिक्षित गटाकडे ठेवता येतं. त्यासाठी नाव लिहून घेणारं एक टेबल, पाठ करून ठेवलेली दहा मिनिटांची सूचना आणि शेवटी हात धुण्याची सोय लागते. हात धुवायला रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नये, एवढं सांगणारा माणूसही पुरे. खाद्यतेल लावून पुसलं तरी डाग सुटतो.

मच्छीमारांचं स्थान मात्र स्वयंसेवकाचं नाही. कुठल्या वाऱ्याला कुठल्या कपारीत काय येऊन साचतं हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. त्यांना रोजंदारीवर, विम्यासह, आधीच करार करून यंत्रणेत घेणं हा तयारीचाच भाग. एरवी होतं असं, की ज्यांची होडी आणि जाळी तेलाने गेली तेच फुकटात किनारा साफ करत बसतात.

पंचनाम्याची वही

जहाजाच्या तेलगळतीचा खर्च जहाजमालक आणि त्याच्या विमा कंपनीकडून मागता येतो. त्यासाठीचे आंतरराष्ट्रीय करार भारताने स्वीकारलेले आहेत. महापालिकेचा सफाईचा खर्च त्यात बसतो आणि मच्छीमाराचं बुडालेलं उत्पन्नही. अट एकच: केलेला उपाय आणि आलेला खर्च वाजवी होता हे दाखवता आलं पाहिजे.

दाखवायचं कशावरून? हजेरीपट, ट्रकच्या फेऱ्या, पिंपांचं वजन, कोणत्या दिवशी कोणत्या तुकड्यावर किती माणसं होती आणि का, यांवरून. तेलाचा सीलबंद नमुना, कारण प्रत्येक तेलाची रासायनिक ओळख वेगळी असते आणि ‘हे आमचं नाही’ हा पहिला बचाव असतो. तेल येण्याआधीचे किनाऱ्याचे फोटो. मासळीचं नुकसान दाखवायचं तर आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यातल्या आवकेच्या नोंदी. एन्नोरनंतर बाजारात गिऱ्हाईक मासळीला हात लावेना, चांगल्या पाण्यातली मासळीही विकेना. असं नुकसान खरं असतं, पण विकल्या न गेलेल्या मासळीची पावती नसते. मासळी उतरवण्याच्या प्रत्येक ठिकाणी रोजची आवक आणि भाव लिहिणारी वही असेल, तरच त्या घसरणीला कागदावर आकार येतो. महसूल खात्याला पंचनाम्याची सवय पुराची आणि गारपिटीची. तेलाच्या पंचनाम्याचा तक्ता वेगळा, आणि तो तलाठ्याच्या दर्जाच्या माणसाच्या हातात आधी पडलेला हवा.

डिसेंबर २०२३

मिचाँग चक्रीवादळाच्या पावसाने चेन्नई बुडाली आणि मणलीच्या औद्योगिक पट्ट्यातून पुराच्या पाण्याबरोबर तेल बकिंगहॅम कालव्यात आलं, तिथून कोसस्तलैयार नदीत आणि एन्नोरच्या खाडीत. प्रदूषण नियंत्रण मंडळाने तिथल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाकडे बोट दाखवलं. होड्या, जाळी, घरांच्या भिंती काळ्या झाल्या. त्याच परिसरातले मच्छीमार पुन्हा होडीतून मग आणि बादल्यांनी तेल उपसताना दिसले.

या खेपेला जहाज नव्हतं, म्हणून जहाजाच्या विम्याची वाटही नव्हती. तेल जमिनीकडून आलं, म्हणून समुद्राकडे तोंड करून लिहिलेली योजना उलट्या बाजूला राहिली. कालवा एका खात्याचा, खाडी दुसऱ्याची, कारखाना तिसऱ्याच्या देखरेखीखाली. किनाऱ्याकडून पाहिलं तर मात्र २०१७ आणि २०२३ मध्ये फार फरक नाही: तीच खाडी, त्याच वस्त्या, तसलाच गाळ, पिंपं ठेवायचा तोच प्रश्न. स्थानिक योजना तेल कुठून आलं यावर न बांधता ते कुठे लागतं यावर बांधली, तर ती दोन्ही वेळा कामी आली असती. शंभर-दोनशे मीटरचे तुकडे, प्रत्येकाचा पोचरस्ता, त्याचा एक जबाबदार अधिकारी, त्याचा वस्तीतला एक माणूस, आणि गाळाची ठरलेली जागा. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, त्यातला एक तुकडा निवडून सराव. असा सराव बंदरात होतो, समुद्रात होतो. वाळूवर आणि खाडीच्या काठावर फारसा होत नाही.

राज्य सरकारने त्या डिसेंबरात ८.६८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. सर्वाधिक बाधित २,३०१ मच्छीमार कुटुंबांना प्रत्येकी १२,५०० रुपये, ७८७ होड्यांच्या दुरुस्तीसाठी प्रत्येकी १०,००० आणि इतर ६,७०० कुटुंबांना प्रत्येकी ७,५००. नुकसान याहून किती मोठं आणि ते कोणी भरायचं, हा वाद हरित लवादासमोर गेला.